उमरेड लाईनचे खांब

ईश्वरदास निमजे एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की त्याला जेवणाचंही भान राहत नाही, हे नंदनवनातल्या त्याच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. जन्म उमरेडच्या कोष्ट्याच्या घरचा. लहानपण बापाच्या हातमागाशेजारी सूत उकलण्यात गेलं. पुढे हातमागच बंद पडले, तेव्हा गडी नागपूरला आला आणि लकडगंजात आरा मशीनवर लागला, तो थेट म्हातारा होईपर्यंत सागवान चिरत राहिला. मशीननं त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं ठेवून घेतलं. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती छोटी रेल बंद झाल्याची.

छोटी रेल म्हणजे इतवारीहून सुटून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती जुनी बारक्या रुळांची गाडी. सायकलवाला शर्यत लावेल अशी तिची चाल. मोठी लाईन टाकायची म्हणून ती बंद केली आणि रूळ उपटून नेले. सगळ्यांनी म्हटलं, बरं झालं, आता झपकन पोहोचू. ईश्वरदास मात्र घरी येऊन बायकोला म्हणाला, "मले ती गाडी पाहिजे." चंद्रकलाबाईंना वाटलं, दोन दिवस कुरकुरेल आणि गप्प बसेल. इतकी वर्षं संसार करूनही बाईंचा अंदाज चुकला! वरच्या खोलीतली धान्याची कोठी खाली आली, पाहुण्यांचा पलंग गच्चीवर गेला, आणि तीन भिंतींना लागून लाकडी फळ्यांवर छोटी रेल धावायला लागली. दाराशी इतवारी, मधल्या भिंतीला कुही, खिडकीत उमरेड. खेळण्यातली मोटार घातलेलं इंजिन, सागवानी डबे, फलाटावर भजी तळणारा माणूस, रुळांकडेला केशरी कापसाच्या फुलांनी पेटलेले पळस. लोक बघायला यायचे, तोंडात बोटं घालायचे. ईश्वरदास आपला "काई नाई, टाईमपास" म्हणत मिशीत हसायचा.

एकच माणूस आला नव्हता, गोविंदा गजभिये. दोन गल्ल्या सोडून राहणारा, तरुणपणापासूनचा दोस्त. ओळख झाली तीही ह्याच गाडीत. ईश्वरदास आई-बापाला भेटायला उमरेडला जायचा आणि गोविंदा खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला चामड्याचा पट्टा अशा अवतारात कुहीला चढायचा. तो रेल्वेचा तारवाला होता. रुळांच्या कडेनं लोखंडी खांबांवरून ज्या तारा जायच्या, त्यांतून एका स्टेशनमास्तरचं बोलणं दुसऱ्या स्टेशनमास्तरपर्यंत जायचं. पुढची लाईन मोकळी आहे का, गाडी सोडू का, सगळं त्या तारांवर. वादळात तार तुटली की लाईन बंद, आणि लाईन बंद म्हणजे गोविंदा ताटावरून उठून चालू लागणार. पुढे जमिनीखालून केबल आली. तारा उतरवल्या, खांब कापून भंगारात गेले. गोविंदा उरलेली नोकरी कुठल्याशा डेपोत सामान मोजत बसला आणि रिटायर झाला.

गुडघ्याचं दुखणं म्हणून तो जिना चढत नव्हता. पण एका संध्याकाळी आला. कठडा धरत, कण्हत वर पोहोचला. ईश्वरदासनं मोठ्या उत्साहानं गाडी सोडली. गोविंदानं इतवारीपासून उमरेडपर्यंत सगळं नीट पाहिलं. भजीवाला पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, फलाटावर झोपलेलं कुत्रं पाहून हसलाही. मग उगाचच परत इतवारीकडे गेला आणि पुन्हा हळूहळू पाहत आला.

"खांब कुठी हायेत गा?"

"कोणते खांब?"

"तारेचे."

आणि इथं ईश्वरदासची जीभ घसरली. गाडी वळणावर अडखळत होती, सगळं लक्ष तिकडे. मान वर न करताच तो बोलून गेला, "अबे, ते राहिलेच. लावू कधीतरी. नाई लावले तरी कोणाले समजते?"

गोविंदा दाराकडे वळला. म्हणाला, "बरोबर हाय. कुत्रं लावलं तू, खांब नाई लावला. आमी नव्हतोच म्हण ना लाईनवर." आणि कठडा धरत उतरून गेला. चंद्रकलाबाई चहा घेऊन वर आल्या तर दोनातला एक कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर गोविंदा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग ईश्वरदास त्याच्या घरी गेला. दारात गोविंदाची बायको प्रेमिलाबाई. "बाहेर गेले ते," म्हणाल्या, आणि बोलता बोलता उंबऱ्यापाशी पडलेल्या गोविंदाच्या चपला पायानं हळूच आत सरकवल्या. ईश्वरदासनं पाहिलं. प्रेमिलाबाईंनीही पाहिलं की त्यानं पाहिलं. 

घरी आल्यावर चंद्रकलाबाईंनी त्याला सोडलं नाही. "अजी, तुमाले काई लाज? भज्याची कढई सुद्धा केली तुमी, आन् ज्या माणसानं जन्म घातला त्या लाईनवर, त्याची एक काडी नाई उभी केली! जा, माफी मागा."

"माफी मागून काय होते? खांब लावतो."

"तोंडानं दोन शब्द बोलाले काय होते तुमाले?"

"मी खांब लावतो म्हणलं ना!" तो गरजला आणि जिना चढून वर गेला. राग बायकोवर नव्हताच, स्वतःवर होता. ज्या माणसासोबत जन्मभर चहा प्यायला, त्याचं आख्खं आयुष्य आपल्या हातून सुटलं आणि वर आपण म्हणालो, कोणाले समजते! हे त्याला इतकं लागलं होतं की जेवण जाईना. आता रेल्वेच्या खांबांशिवाय दुसरं काही नाही, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं.

खांबांचं काम त्याच्या हातचं होतं. सागाच्या काटक्या घासून गोल केल्या, वर दोन-दोन आडव्या पट्ट्या बसवल्या, करडा रंग दिला. खऱ्या खांबांवर तार ज्यांना बांधतात त्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या कशाच्या करायच्या? चंद्रकलाबाईंनी डब्यातून बारीक साबुदाणा काढून दिला. दिसायला हुबेहूब. पण नागपूरच्या मुंग्या त्या, त्यांनी कुहीपासून उमरेडपर्यंतची लाईन दोन रात्रीत साफ केली. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि ईश्वरदास मुंग्यांच्या सात पिढ्या उद्धारत होता. मग इतवारीच्या बाजारातून पांढरे काचमणी आले. त्यांना मुंग्यांनी तोंड लावलं नाही.

राहिली तार. इथं कोष्ट्याचं रक्त जागं झालं. ऐंशी नंबरचं सूत, लुगड्याचं. काजळीत बुडवून काळं केलं आणि खांबाखांबाला बांधत गेला. कसं बांधलं? तर ताणून, वाजेल असं. बोटानं छेडलं की टण्ण! लहानपणी मागावरच्या ताण्यातला एक उभा धागा जरी सैल पडला, तरी बाप मागावरून उठवून कानाखाली द्यायचा. झोळ म्हणजे कोष्ट्याच्या घरात लाज. ती शिकवण मुरलेला माणूस सैल धागा बांधेल कसा? शेवटची गाठ मारली आणि त्यानं मागे सरून पाहिलं. एका रेषेत, पट्टीनं आखल्यासारख्या तारा. छाती फुगली त्याची.

बोलवायला स्वतः गेला नाही, तोंड नव्हतं. चंद्रकलाबाई गेल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "भाऊजी, चला. गुडघा दुखला तर मी तेल लावून देईन, पण चला." वहिनीला नाही म्हणणं गोविंदाला कधी जमलं नव्हतं.

तो आला. दारातच थांबला. खांब दिसल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला, ईश्वरदासनं डोळ्यांनी पाहिलं ते. मग गोविंदा जवळ गेला, वाकला, तारांकडे पाहिलं, आणि उजेड मावळला.

"हे काय मागावरचा ताणा लावला काय बे?"

"काहून? वाकडं हाय काय कुठी?"

"वाकडं नाई हाय, थेच तर वाईट हाय!" गोविंदाचा आवाज चढला. "पूसच्या थंडीत तार आकसते. अशी ओढून बांधली तर पहाटेच तुटून पडन. तार बांधाची तं तिले श्वास घ्याले जागा ठेवा लागते. आन् तुह्या टेसनावर तर पळस फुलला हाय. फागुन संपत आला, ऊन पडून राहिलं. उन्हात तार लांबते, खाली येते. हे पाह्य, वळणावरचे तुहे खांब आताच आत झुकून राहिले!"

झुकले होते खरे. ईश्वरदासला आतापर्यंत दिसलेच नव्हते. गोविंदा आणखी काही बोलणार होता, पण थांबला. "जाऊ दे. कोष्टी तो कोष्टी," म्हणाला आणि निघाला. चंद्रकलाबाईंचं काळीज चिरलं. ईश्वरदास मात्र बायकोला म्हणाला, "रागावला, पण बोलला. किती दिवसांनी बोलला वं तो!" आणि कात्री घेऊन त्यानं सगळ्या तारा कचाकच कापून टाकल्या.

आता झोळ द्यायचा. देणार कसा? धागा सैल सोडला तर तो तारेसारखा खाली येईना. वजनच नाही त्याला, नुसता वेटोळी घेऊन वाकडातिकडा लोंबकळत राही. मेण लावून पाहिलं, तर उन्हानं गळून ठिबके झाले. जळक्या पंख्यातली तांब्याची तार आणली, तर तिला जागोजागी मुरड. एक खांब मोडला, मग दुसरा. चिडून त्यानं पक्कड फेकली ती खिडकीच्या गजाला लागली. "राहू द्या आता," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "गाडी चालून राहिली ना?" "गाडी गेली चुलीत!" तो म्हणाला, आणि पक्कड शोधायला फळ्यांखाली शिरला.

मार्ग सुचला तो भाताची पेज बघून. बाईंनी पातेलं निथळायला ठेवलं होतं, पेज कडेला ओघळून वाळली होती, कडक. तो बघतच राहिला. पाजणी! आई सकाळी तांदळाची खळ शिजवायची, बाप आणि काका अंगणात ताणा पसरून खसाच्या कुंच्यानं त्याला ती खळ पाजायचे, आणि वाळल्यावर सूत असं ताठ व्हायचं की ठेवाल तसं राही. जन्माचा कोष्टी, आणि हे आठवायला इतके दिवस लागले! त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच दुपारी चूल पेटवली. मुंग्यांचा अनुभव ताजा होता, म्हणून बाप घालायचा तसं खळीत चिमूटभर मोरचूदही घातलं.

झोळाचा आकार काढायला चंद्रकलाबाईंच्या गळ्यातली बारीक साखळी मागितली. "मोडली तर?" "दुसरी घेऊ." "हो, घेतली तुमी!" म्हणत बाईंनी काढून दिली. दोन खिळ्यांमध्ये साखळी टांगली, ती जशी लोंबली तशी फळीवर पेन्सिलीनं रेघ मारली, रेघेवर बारीक खिळे ठोकले, त्यांवर सूत ठेवून वरून खळ फिरवली. वाळल्यावर उचललं, तर धागा तसाच वाकलेला राहिला. दोन खांबांमध्ये लावला, आणि चंद्रकलाबाईसुद्धा म्हणाल्या, "अगंबाई!"

पण झोळ किती? हे काही त्याला समजेना. कधी तार जास्त खाली आलेली वाटे, कधी कमी. पाहून ठरवावं तर खऱ्या लाईनवर आता एकही खांब नव्हता. गल्लीतल्या विजेच्या तारा पाहिल्या, पण त्या कशाही लोंबणाऱ्या, त्यांचा काय हिशेब! सांगू शकेल असा एकच माणूस होता. सूत, सागवान, खळ, काचमणी सगळं जमलं होतं, आणि आता तेवढं एक मागायला जायचं होतं.

ईश्वरदासनं ती फळी काखेत मारली आणि भर संध्याकाळी टपरीवर गेला. गोविंदा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. ईश्वरदास बाकासमोर उभा राहिला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "गोविंदा, किती झोळ ठेवू, सांग मले."

गोविंदानं ग्लास खाली ठेवला.

"मी त्या दिवशी बोललो ना, कोणाले समजते म्हणून," ईश्वरदास भरभर बोलत सुटला. "मलेच समजलं नव्हतं बे. जन्मभर त्या खिडकीत बसून तुह्या तारा पाहत गेलो. खाली येत, खांबापाशी वर जात, पुन्हा खाली येत. आन् गाडी बनवाले बसलो तं त्याच विसरलो. चुकलं माह्यं. आता झोळ सांग."

आजूबाजूला माणसं बघत होती. गोविंदानं फळी मांडीवर घेतली, खिळ्यांची ओळ पाहिली, खळीचा वास घेतला. "हे काय पाळणा टांगला काय?" तो म्हणाला. "एवढी खाली आणशीन तं बैलबंडीवरची कडब्याची पेंडी अडकन तिच्यात. पेन्सिल दे." आणि त्यानं जुन्या रेघेच्या पुष्कळ वर, हलक्या हातानं एक नवी रेघ ओढली. "फागुनाची. आन् वळणावरच्या खांबाले मागून तणावा दे, तिरपी तार जमिनीत ठोकून. तार आत ओढते, तणावा बाहीर. तवा तो उभा राहते." मग टपरीवाल्याला हाक मारून म्हणाला, "एक चहा ह्याले. साखर कमी."

चहा पिता पिता दोघांचं चांगलंच वाजलं. कुहीच्या पुढच्या पुलावर खांब किती अंतरावर होते यावरून. ईश्वरदासला इतकं बरं वाटलं की समजूत काढायची म्हणून मुद्दाम हरायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर त्यानं घाई केली नाही. रोज थोडं सूत, थोडी खळ, थोड्या गाठी. वळणावरच्या खांबांना मागून तणावे दिले, ते सरळ उभे राहिले. लाईन पुरी झाल्यावरही त्यानं आणखी एक काम काढलं, आणि ते चंद्रकलाबाईंनाही सांगितलं नाही. सागाच्या तुकड्यातून त्यानं एक माणूस कोरला. नखाएवढा. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर. चेहरा काय, तर नुसता ठिपका. पण पाठ किंचित वाकलेली, गोविंदाची वाकते तशी. तीन माणसं बिघडली, चौथा जमला. तो कुहीच्या खांबावर, अगदी वर, तारांपाशी चिकटवला. कुत्रं होतंच, आता माणूसही होता. ईश्वरदासच्या मनात हीच खरी माफी होती.

रविवारी गोविंदा आला, सोबत प्रेमिलाबाई. जिना चढताना त्या म्हणत होत्या, "ह्यायनं मले कधी दाखवलं नाई काय काम करत होते ते. वारा सुटला की पोळी टाकून पळाचे, येवढंच मले माहीत."

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. खांबाखांबातून काळ्या तारा हलक्या झोळात उमरेडकडे गेल्या होत्या.  गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, गोविंदा इतका खाली वाकला की त्याचे डोळे डब्याच्या खिडक्यांच्या उंचीला आले. इतवारीपासून तो तसाच सरकत गेला. "हं," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "हं."  कुहीला गोविंदा थांबला.

खांबावरचा माणूस त्याला दिसला.

त्यानं खूप वेळ पाहिलं. पट्टा पाहिला, दोर पाहिला. प्रेमिलाबाई पुढे झुकल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अवं माय, हे तर तुमीच!" चंद्रकलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. ईश्वरदास म्हणाला, "तूच हाय गा तो. आता कोणी नाई म्हणणार तू नव्हता म्हणून."

गोविंदानं डोळे पुसले, मनगटाच्या मागच्या बाजूनं. मग मान हलवली.

"चांगला बनवला बे. पण काढ त्याले."

"काहून?"

"माणूस खांबावर कवा चढते? तार तुटल्यावर. मी वर दिसलो म्हणजे लाईन बंद. गाडी टेसनात उभी, लोकं खोळंबलेले, मास्तर शिव्या देऊन राहिला. दिवसभर कोणाले खांबावर माणूस दिसला नाई, तवा मी रात्री घरी जाऊन सुखानं जेवाचो." त्यानं तारांकडे बोट दाखवलं. "हे चालू हाय. येवढंच मी केलं जन्मभर. काढ त्याले, माही लाईन बंद नोको पाडू."

ईश्वरदासनं चिमट्यानं माणूस सोडवला. तुटू नये म्हणून हात सांभाळत होता. खांब मोकळा झाला. मग त्यानं इंजिनाचं बटण दाबलं. गाडी कुहीहून निघाली, वळणावर अडखळली नाही, आणि गोविंदा तसाच वाकून तिच्या बरोबरीनं सरकत गेला, तार खाली येताना, खांबापाशी वर जाताना, पुन्हा खाली येताना पाहत. मान न वळवता त्यानं बायकोला हाक मारली.

"ये वं प्रेमिला, वाकून पाह्य. कुठीच बंद नाई."